बाळाची लस आणि आईची काळजी

पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावें, ही आपली जुनी व प्रेमळ रीत. तींत गैर कांहींच नाहीं. पण पुष्कळदां कार्ड सासरच्या कपाटांत राहतें, माहेरचे डॉक्टर नवे असतात, आणि तिसऱ्या-चवथ्या महिन्यांत बाळ सासरीं येतें. या धांदलींत एखादी लस चुकते. दोन्ही घरें सुशिक्षित, माया दोहोंकडे भरपूर. तरीहि ‘ती तिकडे दिलीच असेल’ असें दोहोंकडील मंडळी म्हणत राहतात.

वस्तुतः लशीची गोष्ट गर्भारपणींच सुरू होते. आईस दिलेली धनुर्वाताची लस ही बाळाचीच पहिली लस होय. तिची प्रतिकारशक्ति वारेंतून बाळास पोंचते. जी गर्भवती नेमानें तपासणीस जाते, तिची परिचारिकेशीं ओळख होते, मनांतील शंका तिला विचारतां येतात, आणि हातीं माता-बाल संरक्षण कार्ड येतें. दवाखान्यांत बाळंतपण झालें म्हणजे क्षयाची बी.सी.जी., पोलिओचा डोस व हिपॅटायटिस-बीची लस तेथेंच मिळते. ही शेवटची २४ तासांचे आंत द्यावयाची असते.

मात्र एवढ्यानें काम संपत नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें २००५-०६ सालीं शेंकडा ३९ बाळंतपणें दवाखान्यांत होत व शेंकडा ४४ मुलांस सर्व मुख्य लशी मिळत. २०१९-२१ सालीं हे आंकडे ८९ व ७६ झाले. प्रगति मोठी, पण दवाखान्यांत जन्मलेलीं कांहीं मुलें पुढें मागें पडतात, हेंहि यांतून दिसतें.

पुढील डोस ६, १० व १४ आठवड्यांचे. गोंवर-रुबेलाची लस नऊ महिने पुरे झाल्यावर. सव्वा महिना संपतो न संपतो तोंच पहिला डोस येतो, म्हणजे घरच्या रीतीसहि बाध येत नाहीं. नंतरचे दोन मात्र नेमके सासर-माहेरच्या ये-जा करण्यांत सांपडतात. त्यांतच पहिल्या डोसानंतर बाळाचें अंग कणकणलें, कीं आजी म्हणतात, ‘आतां पुढची नको.’ त्यांची काळजी खरी असते. म्हणून सुनेनें वाद घालण्यापेक्षां डॉक्टरांकडून त्यांचें समाधान करवावें. असा किरकोळ ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. घटसर्प व डांग्या खोकला इतक्या सहज सोडीत नाहींत.

डोहाळजेवणानंतर मुलगी माहेरीं निघाली, कीं तिच्या सामानांत सासूबाईंनीं तें कार्ड स्वतः ठेवावें. परततांना आईनें तें पाहून परत द्यावें. एखादा डोस चुकलाच तरी पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाहीं. जेथें थांबलें तेथून पुढें, पण आजच जावें.