मदतीची पाटी आणि हिशोबाची वही

देशात कुठे पूर आला, भूकंप झाला, की आठ दिवसांच्या आत बाजारात पाट्या झळकू लागतात. "या खरेदीतील काही भाग आपद्‌ग्रस्तांच्या मदतीसाठी." मोठ्या दुकानांत, वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत आणि आता मोबाईलवरही हेच वाक्य वाचायला मिळते. गिऱ्हाईक दोन वस्तू जास्त घेते आणि नेकी केल्याचे समाधान घेऊन घरी जाते. पण तो 'काही भाग' म्हणजे नेमका किती, तो कोणाच्या हाती पडला आणि केव्हा पडला, हे विचारणारा हजारात एखादाच निघतो.

हा प्रश्न आम्हा भिवंडीकरांचा आहे. राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ या पट्ट्यातील गोदामांतून कापड, कपडे, चादरी, भांडी असा सर्व प्रकारचा माल देशभर जातो. मदतीच्या सेलचा मालही अशाच गोदामांतून उचलला जातो आणि मदतीचे ट्रकही येथूनच भरले जातात. शिवाय संकट काय असते हे आम्ही स्वतः पाहिले आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात भिवंडीत पाणी शिरले आणि कितीतरी घरांचे, कारखान्यांचे, दुकानांचे नुकसान झाले. म्हणून मदतीच्या नावावर चालणारा व्यापार खरा की खोटा, याचा विचार व्यापारी म्हणूनही आणि कधीकाळी मदत घ्यावी लागलेल्या शहरातील माणसे म्हणूनही आपण केला पाहिजे.

'काही भाग' म्हणजे किती?

प्रथम साधा हिशोब मांडू. समजा एका शर्टाची किंमत १,००० रुपये आहे. पाटीवर "विक्रीच्या १० टक्के" असे लिहिले असेल तर पूरग्रस्तांना १०० रुपये मिळाले पाहिजेत. पाटीवर "नफ्याच्या १० टक्के" असे असेल, आणि सर्व खर्च जाऊन त्या शर्टात ५० रुपये नफा उरत असेल, तर मदत फक्त ५ रुपये होते. एका शब्दाच्या फरकाने १०० चे ५ झाले! आणि पाटीवर नुसते "काही भाग" असेल तर चार आणे दिले तरी कंपनी खोटी ठरत नाही. नफा किती झाला हे तर कंपनीच ठरवणार. दुकानाचे भाडे, जाहिरात, पगार सगळे त्यातून वजा करता येते. आपण व्यापारी आहोत, वहीत नफा कसा वर-खाली होतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

दुसरी गोष्ट मर्यादेची. अमेरिकेत १९९९ साली योप्लेट नावाच्या दह्याच्या कंपनीने जाहीर केले की डब्याचे झाकण परत पाठवा, प्रत्येक झाकणामागे आम्ही ५० सेंट कर्करोगाच्या संशोधनासाठी देऊ. लोकांनी सुमारे ९४ लाख झाकणे पाठवली. हिशोबाने ४७ लाख डॉलर व्हायला हवे होते. परंतु बारीक अक्षरांत १ लाख डॉलरची मर्यादा घातलेली होती. जॉर्जिया राज्याच्या सरकारी वकिलांनी हे प्रकरण हाती घेतले, तेव्हा कंपनीला आणखी ६३ हजार डॉलर द्यावे लागले. मर्यादा घालणे हा गुन्हा नाही. पण मर्यादा भरल्यावर डबा विकत घेणाऱ्याच्या पैशातून एक दमडीही त्या कामाला जात नाही, हे त्याला ठाऊक असायला हवे.

तिसरी गोष्ट जाहिरातीची. या पद्धतीचा बोलबाला १९८३ पासून झाला. अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने कार्डाच्या प्रत्येक वापरामागे १ सेंट स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी देण्याचे जाहीर केले. १७ लाख डॉलर जमले आणि ते दिलेही गेले. मात्र या जाहिरातीवर कंपनीने त्याच्या दुपटीहून अधिक पैसा खर्च केला, आणि कार्डाचा वापर चांगलाच वाढला. म्हणजे पुतळ्याचे काम झाले आणि कंपनीचा धंदाही झाला. यात फसवणूक नव्हती, कारण आकडा सर्वांना सांगितलेला होता. पण त्याला निव्वळ दानही म्हणता येणार नाही.

देणगी खरोखर कोणाच्या खिशातून?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि आमच्यासारख्या माल पुरवणाऱ्यांना व कारागिरांना तोच सर्वांत जास्त झोंबतो. काही वर्षांपूर्वी पुराच्या दिवसांत एका मोठ्या कंपनीचा खरेदी अधिकारी आमच्याकडे चादरींचा सौदा करायला आला. भाव ठरला. मग तो म्हणाला, हा माल पूरग्रस्तांच्या मदतीच्या सेलसाठी आहे, नगामागे चार रुपये कमी करा. कामाचे स्वरूप पाहून आम्ही ते कमी केले. पुढे दुकानात पाटी लागली, "प्रत्येक चादरीमागे आमच्याकडून चार रुपये पूरग्रस्तांना." ते चार रुपये कंपनीच्या खिशातले नव्हते. गिऱ्हाइकाने पूर्ण किंमत मोजली, पुरवठादाराने भाव सोडला आणि दात्याच्या जागी नाव तिसऱ्याचेच लागले.

अशा वेळी काय करावे? मालाचे बिल पूर्ण भावाचे करावे आणि जे द्यायचे ते आपल्या नावाच्या चेकने थेट मदत निधीला द्यावे. पावती आपल्या नावाची येते आणि बिलात भाव पडल्याची नोंद राहत नाही. एकदा पडलेला भाव पुढच्या सौद्यात पुन्हा वर चढत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवावे की, कंपनीने आपला भाव कापला म्हणून आपण विणकराच्या, शिंप्याच्या मजुरीला हात लावला, तर त्या दानाचा बोजा शेवटी सर्वांत गरिबाच्या डोक्यावर बसतो.

मालाच्या रूपातील मदत

"एक ब्लँकेट घ्या, एक आम्ही आपद्‌ग्रस्तांना देऊ," असाही सेल असतो. येथे पैशाऐवजी माल द्यायचा असतो. मग गोदामातील डेड स्टॉक निघतो, सेकंडचा माल निघतो आणि त्याची किंमत मात्र छापील भावाने लावली जाते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. तेथील लोकांना न चालणारे कपडे कोण वापरणार? दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने त्यातील मोठा साठा उचलून, निवडून, दुसऱ्या उपयोगाला लावला. लोकांना काय हवे आहे हे न विचारता दिलेला माल म्हणजे गोदाम मोकळे करणे होय. ट्रकचे भाडे वाया जाते आणि तेथील कार्यकर्त्यांवर कपडे निवडण्याचे काम पडते ते वेगळेच.

चांगली उदाहरणे

याचा अर्थ सगळ्या कंपन्या अविश्वासू आहेत असा मुळीच नाही. टाटा मिठाने २००२ साली ठराविक काळासाठी विकलेल्या प्रत्येक किलोमागे १० पैसे गरीब मुलांच्या शिक्षणासाठी 'क्राय' या संस्थेला देण्याचे जाहीर केले होते. रक्कम लहान, पण वस्तू कोणती, किलोमागे किती आणि कोणाला, हे सर्व उघड होते. दहा पैसे म्हणून सांगितलेले दहा पैसे हे 'काही भागा'पेक्षा शंभर पटींनी चांगले.

आपल्या कापडाच्या धंद्यातले उदाहरण तर मुद्दाम सांगण्यासारखे आहे. ऑगस्ट २०१८ च्या केरळच्या पुरात एर्नाकुलम जिल्ह्यातील चेंदमंगलम येथील हातमाग विणकरांचे माग बुडाले आणि ओणमसाठी तयार केलेल्या साड्या चिखलात खराब झाल्या. लक्ष्मी मेनन आणि गोपीनाथ पारयिल यांनी त्या साड्या धुऊन, निर्जंतुक करून त्यांच्या छोट्या बाहुल्या बनवण्याची कल्पना काढली. नाव ठेवले 'चेकुट्टी'. सुमारे १,३०० ते १,५०० रुपयांच्या एका साडीतून ३६० बाहुल्या होत. एका बाहुलीची किंमत २५ रुपये. म्हणजे टाकून द्यावी लागली असती अशा एका साडीचे ९,००० रुपये झाले. बाहुल्या बनवण्याचे काम स्वयंसेवकांनी केले आणि पैसा विणकरांसाठी गेला. येथे गिऱ्हाइकाला सगळा हिशोब बोटांवर मोजता येत होता. याला म्हणतात मदतीची विक्री!

आणि विक्रीशिवायही व्यापारी किती करू शकतात हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबाद भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. तेथे कोणाला काही विकत घ्यायला सांगितले नव्हते.

कायदा काय म्हणतो?

इंग्लंडमध्ये १९९२ च्या कायद्याने असे बंधन घातले की, वस्तू विकताना धर्मादाय संस्थेचे नाव वापरायचे असेल तर कोणत्या संस्थेला आणि किती जाणार हे गिऱ्हाइकाला सांगितलेच पाहिजे. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. म्हणून पाटीवर लिहिलेले शब्द जपून ठेवावेत. पाटीचा फोटो आणि बिल हाच पुरावा.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याची जबाबदारी टाकली. २०१९ मध्ये आपत्ती निवारण व पुनर्वसन हे काम त्या यादीत स्पष्टपणे घातले गेले. २०२१ च्या नियमांनी हेही सांगितले की, स्वतःच्या मालाच्या प्रसिद्धीसाठी केलेले प्रायोजन या खर्चात धरता येणार नाही. तेव्हा एखादी मोठी कंपनी मदतीची पाटी लावते, तेव्हा विचारायला हवे की, ही रक्कम त्या दोन टक्क्यांतलीच आहे की वरची? कायद्याने द्यावेच लागणारे पैसे गिऱ्हाइकावर उपकार म्हणून मिरवायचे नसतात.

आणखी एक. सेलमध्ये आपण जे मोजतो ती बिलावर वस्तूची किंमत असते. त्यावर आपल्याला देणगीची आयकर सवलत मिळत नाही. देणगीची पावती कंपनीच्या नावाने फाटते. जकातीचेही तसेच समजावे. वस्तूच्या बदल्यात दिलेला पैसा हा सौदा झाला. जकातीसाठी नियतही हवी आणि ती रक्कम हकदाराच्या हाती पडायलाही हवी. बारीक मसला आपल्या आलिमांना विचारावा, पण सेलचे बिल जकातीच्या खात्यात लिहू नये.

पाटीला विचारायचे पाच प्रश्न

१. नगामागे किती रुपये? टक्के असतील तर विक्रीचे की नफ्याचे?
२. सेल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत?
३. जास्तीत जास्त रकमेची मर्यादा आहे का? आणि विक्री कमी झाली तरी किमान किती देणार?
४. पैसा कोणत्या निधीला किंवा संस्थेला जाणार? संस्था असेल तर तिचा नोंदणी क्रमांक काय?
५. सेल संपल्यावर दिलेल्या रकमेची पावती कोठे आणि केव्हा पाहायला मिळेल?

पाचही उत्तरे मिळाली तर बिनदिक्कत खरेदी करावी, पण तीही वस्तूची गरज असेल तरच. उत्तरे मिळाली नाहीत तर वस्तू हवी म्हणून घ्यावी आणि मदत वेगळी, थेट द्यावी. ५०० रुपयांची नको असलेली वस्तू घेऊन २५ रुपये पाठवण्यापेक्षा १०० रुपये सरळ पाठवलेले बरे. आपद्‌ग्रस्ताला चौपट मिळते आणि आपले ४०० वाचतात.

आपल्या दुकानांची पाटी

हे प्रश्न मोठ्या कंपन्यांनाच विचारून चालणार नाही. आपल्या गल्लीतील दुकानावरही अशी पाटी लागते. ती लावली त्या क्षणापासून त्यातील पैसा आपला राहिला नाही, ती अमानत झाली. तो गल्ल्यात मिसळू नये. वेगळे खाते, वेगळी वही ठेवावी आणि रोजच्या विक्रीचा आकडा त्याच दिवशी लिहावा. सेल संपताच रक्कम बँकेमार्फत पाठवावी आणि पावती त्याच जागी चिकटवावी, जेथे पाटी लावली होती. २,००० रुपयांवरील रोख देणगीला आणि वस्तूरूपाने दिलेल्या देणगीला आयकर सवलत लागू होत नाही, आणि मोफत दिलेल्या मालावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिट परत करावे लागते, हे हिशोबनिसाला आधीच विचारून ठेवावे.

मदतीच्या नावाखाली एकाने केलेली खयानत त्या एका दुकानापुरती राहत नाही. पुढच्या वेळी खरा पूर येतो, खरा माणूस झोळी पुढे करतो, तेव्हा लोक हात आखडता घेतात. म्हणून बांधवांनो, पाटी लहान असली तरी चालेल, पण तिच्यावर आकडा असू द्या आणि आकड्याखाली पावती असू द्या.