जुन्या ट्रकची बॅटरी जोडण्याआधी

बीड तालुक्यातल्या लिंबागणेशसारख्या गावात कुणाच्या शेडमध्ये जुना डॉज उभा असेल, तर बॅटरी जोडण्याआधी थांबा. 1955 पर्यंतचे बहुतेक अमेरिकी डॉज ट्रक 6 व्होल्टचे असत आणि त्यांच्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चॅसीला जोडलेलं असे. आजच्या गाड्यांत चॅसीला निगेटिव्ह असतं. सवयीनं तशीच बॅटरी लावली, की घोटाळा होतो.

गंमत अशी, की दिवे तरीही लागतात, सेल्फही सरळच फिरतो. म्हणून चूक कळत नाही. डायनमोच्या लोखंडात मात्र उरलेलं चुंबकत्व जुन्याच दिशेचं असतं. तो उलटी वीज तयार करतो आणि कटआउटचे पॉइंट जळतात. नंतर कुणी अल्टरनेटर बसवला असेल, तर त्याच्या टोकांच्या उलट बॅटरी लावताच त्यातले डायोड क्षणात जातात.

इग्निशन कॉइलचंही तेच. प्लगचं मधलं टोक तापलेलं असतं. तिथून ठिणगी निघायला कमी व्होल्टेज लागतं. बॅटरी उलटी लागून कॉइलही उलटी झाली, तर इंजिन चालतं, पण लोड घेताना मिसिंग करतं.

12 व्होल्टच्या तुलनेत 6 व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो. 60 वॉटचा दिवा 10 अँपिअर ओढतो. म्हणून जाड केबलच हवी, आणि अर्थिंगची जागा गंज, रंग खरवडून चकचकीत केलेली हवी. कापडी वेष्टणाच्या तडकलेल्या वायरी सरळ बदला. त्यांवर टेप गुंडाळून ट्रक रस्त्यावर काढू नका.