जुन्या ट्रकला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर

2010 साली भारत स्टेज 4 चं डिझेल देशातल्या ज्या 13 शहरांत आधी आलं, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होतं. हा मान काही कौतुकाचा नव्हता. इथली हवा आधीपासूनच काळजीचा विषय होती आणि 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतही सोलापूरचं नाव लागलं.

पण ट्रक शहराची हद्द पाळत नाही. सोलापुरातल्या पंपावर दहा लाख भागांत 50 भाग गंधक असलेलं डिझेल, तर यादीबाहेरच्या गावांत 350. पुणे-हैदराबाद रस्त्यावर धावणारी गाडी टाकी कुठे भरेल, हे ड्रायव्हरच्या सोयीवर ठरायचं. जुन्या ट्रकला कन्व्हर्टर बसवण्याची अडचण नेमकी इथेच होती.

कन्व्हर्टर म्हणजे पोलादी डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची किंवा धातूची जाळी, तिच्या असंख्य बारीक नळ्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम आणि पॅलॅडियमचा पातळ थर. धूर या नळ्यांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन उरलेल्या प्राणवायूशी जुळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. धातू स्वतः खर्ची पडत नाही. मात्र डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तर हाच थर त्यापासून सल्फेटचे सूक्ष्म कण बनवतो, म्हणजे एक घाण कमी करताना दुसरी वाढते. पेट्रोल गाड्यांनी शिशाबाबत हाच धडा गिरवला होता. 1995 मध्ये चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं.

गंधकाचा प्रश्न आता सुटला आहे. 2017 पासून देशभर 50 भागांचं आणि 1 एप्रिल 2020 पासून 10 भागांचं डिझेल मिळतं. उरलं ते इंजिन.

लाखो किलोमीटर धावलेल्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या असतील तर ऑइल जळतं. त्यातलं फॉस्फरस जाळीवर बसतं आणि थर निकामी होतो. नोझल नीट फवारा मारत नसेल, टर्बो कमजोर असेल, तर काजळीने नळ्या बुजतात. मग धूर बाहेर पडायला जागा उरत नाही, इंजिनवर मागून दाब येतो, गाडी चढावर ओढत नाही आणि डिझेल जास्त पिते. म्हणून डबा आणण्याआधी पंप, नोझल, एअर फिल्टर आणि टर्बो यांचं काम झालंच पाहिजे. ते टाळून बसवलेला कन्व्हर्टर म्हणजे वाया गेलेला पैसा.

बसवण्याची जागाही महत्त्वाची. जाळी साधारण 200 ते 250 अंश तापल्यावरच नीट काम करते. टर्बोच्या जवळ, मूळ सायलेन्सरच्या आधी ती लवकर तापते. दूर मागे बसवली तर मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या गाड्यांच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवलेल्या ट्रकमध्ये ती थंडच राहते. इंजिनाची थरथर डब्यापर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये लवचिक पाइप लागतो. ब्रेकच्या हवेच्या नळ्या आणि वायरिंग जवळ असतील तर उष्णता अडवणारा पत्राही हवा. बसवल्यावर मागचा दाब गेजवर मोजून पाहणं सोडू नये.

मालकांची अपेक्षा मात्र बहुतेक वेळा वेगळीच असते. त्यांना काळा धूर जायला हवा असतो. काळा धूर म्हणजे सुक्या कार्बनची काजळी, आणि हा कन्व्हर्टर ती फारशी जाळत नाही. काजळीला चिकटलेले तेलकट अंश तो जाळतो. पीयूसी तपासणीत मोजली जाते ती धुराची घनता. भारत स्टेज 4 च्या आधीच्या डिझेल गाड्यांना 65 हार्ट्रिज युनिटची मर्यादा आहे. ती पाळायची तर नोझल आणि पंपाचं काम अधिक उपयोगी पडतं. नायट्रोजनचे ऑक्साइडही याने कमी होत नाहीत. त्यासाठी नव्या ट्रकना युरियाच्या द्रावाची वेगळी टाकी असते, आणि काजळीसाठी वेगळा फिल्टर.

मग जुन्या ट्रकला हा डबा बसवावा का? धडधाकट इंजिन असेल, गाडी लांब पल्ल्याची असेल, तर जरूर. कार्बन मोनॉक्साइड आणि डिझेलचा झोंबरा वास दोन्ही कमी होतात, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या हमालाच्या आणि क्लीनरच्या छातीसाठी ही लहान गोष्ट नाही. मात्र वाहनाच्या मूळ रचनेत बदल करताना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू होऊ शकतं. त्यामुळे डबा मान्यताप्राप्त आहे का, हे बसवण्याआधीच सोलापूरच्या आरटीओत विचारून घेतलेलं बरं.