काट्यांच्या आतला गर

बोंड म्हटले की आपल्या खान्देशात डोळ्यांपुढे कापूस येतो. साबरबोंड मात्र निवडुंगाचे फळ. बाहेरून काटे, आत लालभडक गोड गर. हेच नाव घेऊन रोहन परशुराम कानवडे यांनी एक मराठी चित्रपट केला. २०२५ साली अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात, परदेशी कथाचित्रपटांच्या स्पर्धेत, परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला.

गोष्ट साधी आहे. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढतात. त्याची ओढ पुरुषाकडे आहे, हे आईला ठाऊक आहे. गावात बाळ्या हा जुना सोबती भेटतो. तो शेतकरी, त्याच्याही घरी लग्नाचा आग्रह आहे. या दोघांचा जिव्हाळा चित्रपट हळुवारपणे दाखवतो. पार्श्वसंगीत नाही, भाषणबाजी नाही. कानवडे यांना ही कथा सुचली ती स्वतःच्या वडिलांच्या सुतकात.

असा चित्रपट मोठ्या कंपन्या सहसा काढत नाहीत. गल्ल्याची खात्री नसते. म्हणून तो स्वतंत्र चित्रपटातून येतो. थोडा पैसा, नवे कलावंत, आणि सांगणाऱ्याची स्वतःची गोष्ट. ही वाट आधी ज्यांनी मळवली, त्यांत अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंत आहेत. रंगामुळे गोऱ्या समाजात परके आणि समलिंगी म्हणून आपल्याच वस्तीत परके, असे त्यांचे दुहेरी दुःख. मार्लन रिग्ज यांनी १९८९ साली 'टंग्ज अनटाइड' हा माहितीपट कवितांच्या आधारे उभा केला. अनेक दूरचित्रवाणी केंद्रांनी तो दाखवला नाही. शेरिल डुनये यांच्या 'द वॉटरमेलन वुमन' या १९९६ च्या चित्रपटातील तरुणी जुन्या काळातल्या एका कृष्णवर्णीय नटीचा शोध घेते. ती नटी काल्पनिकच होती. इतिहासाने ज्यांची नोंद ठेवली नाही, त्यांच्यासाठी नोंद रचावी लागते.

डी रीस यांचा 'पराया' नव्हे, 'परायाह' हा चित्रपट २०११ साली सनडान्समध्येच पहिल्यांदा दाखवला गेला. त्यात कविता लिहिणारी सतरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी आपले मन घरच्यांपासून लपवते. बहिष्कृत या अर्थाचा हा इंग्रजी शब्द तमिळ प्रदेशातील परैयर या जातीच्या नावावरून गेलेला आहे. आपल्या जातिव्यवस्थेचा शब्द सातासमुद्रापार जाऊन तिथल्या दुःखाचे नाव झाला. उलट दिशेने, तिथल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. दुःख असे एकमेकांची भाषा शिकते.

मराठी पडद्यावर हा विषय अगदीच नवा नाही. 'उंबरठा'मध्ये १९८२ साली महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधाचा प्रसंग होता. २००९ च्या 'जोगवा'ने देवाला सोडलेल्या जोगत्याची वेदना मांडली. पण तिथे ही माणसे 'प्रश्न' म्हणून येतात. 'साबरबोंड'मध्ये ती कुणाचा तरी मुलगा म्हणून येतात. फरक एवढाच, पण मोठा आहे. मी मुसलमान असून मराठीत कसा लिहितो, असे लोक अजून विचारतात. म्हणून मला ठाऊक आहे, दुसऱ्याच्या तोंडून झालेली ओळख आणि स्वतः सांगितलेली ओळख यांत किती अंतर असते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असे ठरवले. २०२३ मध्ये विवाहाची मान्यता मात्र नाकारली. कायद्याची भीती गेली. पाहुण्यांच्या बैठकीची गेलेली नाही. चोपडा, रावेर, शिरपूर, साक्री या बाजूला आज एखादा तरुण मुकाट्याने मुलगी पाहायला जात असेल. त्याच्याजवळ स्वतःसाठी शिवीखेरीज शब्द नाही. त्याने 'हो' म्हटले, तर त्या मुलीचेही आयुष्य पणाला लागते. तिला तर कुणी काही सांगितलेलेच नाही.

एका चित्रपटाने हे सगळे बदलणार नाही. पण बैठक ठरवण्याआधी आईने मुलाला एकदा बाजूला घेऊन, "तुझ्या मनात काय आहे?" एवढे विचारले आणि उत्तर शांतपणे ऐकून घेतले, तरी दोन घरे वाचतील.