जर्मनीतला पहिला नाताळ: ऐकलेला आणि खरा

"मॅडम, इथं रस्त्यावर कुणीच नाहीये हो."

24 डिसेंबरच्या रात्री साडेनऊला आखेनहून माझ्या एका विद्यार्थ्याचा फोन आला, तेव्हा तिकडे संध्याकाळचे पाच वाजले होते. दूध आणि पाव आणायला म्हणून तो बाहेर पडला होता. सुपरमार्केट बंद, बेकरी बंद. ज्या नाताळ बाजाराचे फोटो त्यानं महिनाभर घरी पाठवले होते, त्या चौकात आवराआवर चाललेली. बर्फ नव्हताच, बारीक पाऊस पडत होता. त्याला वाटलं, आपण चुकीच्या दिवशी चुकीच्या जागी आलो आहोत. खरं तर दिवसही तोच होता आणि जागाही तीच. चुकीचं होतं ते त्यानं इथून नेलेलं चित्र.

मी पुण्यात जर्मन शिकवते. ऑक्टोबरात मुलं जातात आणि डिसेंबरात असे फोन येतात. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत 49 हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आता सर्वांत मोठा गट भारतीयांचाच आहे आणि त्यात आपली मराठी मुलं भरपूर आहेत. त्यांच्या पहिल्या हिवाळ्याचं मोल मला ठाऊक आहे, कारण माझा स्वतःचा पहिला डिसेंबरही तिथं असाच गोंधळात गेला होता. म्हणून दरवर्षी वर्गात सांगते ते या वेळी लिहून ठेवते आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज हा, की नाताळ म्हणजे 25 डिसेंबर आणि त्या दिवशी सगळं शहर रस्त्यावर उतरतं. हे चित्र आपल्याला वसई-वांद्र्यानं दिलं, गोव्यानं दिलं. दारोदारी कागदी कंदील, मध्यरात्रीची मिस्सा, शेजाऱ्यांकडे जाणारी फराळाची ताटं, गाणी, नाच. 'नाताळ' हा आपला शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे. जर्मन लोक मात्र सणाला 'वाइनाख्टन' म्हणतात आणि त्या शब्दातच 'पवित्र रात्री' आहेत. मुख्य वेळ असते ती 24 तारखेची संध्याकाळ, 'हाइलिगआबेंड'. झाडाखालच्या भेटवस्तू त्याच संध्याकाळी उघडतात. दाराआड घरची माणसं असतात, फार तर आजी-आजोबा असतात. आपल्याकडे लक्ष्मीपूजन जसं आपापल्या घरात होतं, तसं. फरक एवढाच, की लक्ष्मीपूजनानंतर आपण बाहेर येतो, ते येत नाहीत.

जेवणाबद्दलही असंच. मोठी मेजवानी असेल असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात कित्येक जर्मन घरांत त्या रात्रीचं जेवण म्हणजे बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. आईनं दिवसभर स्वयंपाकघरात राबू नये, सगळ्यांनी एकत्र बसावं, म्हणून हा साधेपणा. बदक किंवा हंसाचा थाट दुसऱ्या दिवशी, 25 ला. 26 तारीखही सुट्टीचीच, 'नाताळचा दुसरा दिवस'.

इथंच पोटाचा प्रश्न येतो. 24 ला दुकानं फार तर दुपारी दोनपर्यंत उघडी असतात, 25 आणि 26 ला बंद. रविवारी तर जर्मनीत दुकानं एरवीही बंदच असतात. 25 तारीख शुक्रवारी आली, जशी ती 2020 मध्ये आली होती, की शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे तीन दिवस सलग बंद. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली आणि पेट्रोल पंपांवरची दुकानं तेवढी चालू सापडतात, पण महाग आणि तुटपुंजी. तेव्हा तांदूळ, डाळ, कांदे, दूध, पाव आणि लागणारी औषधं 23 तारखेलाच घरात हवीत. हे सांगताना मला कधी अवघडल्यासारखं वाटत नाही. परक्या देशात सणाच्या दिवशी उपाशी राहण्याची आठवण माणूस जन्मभर विसरत नाही.

"बाजार तर 25 लाच बघू" म्हणणारेही असेच फसतात. नाताळ बाजार हा वाट पाहण्याच्या दिवसांचा, म्हणजे ॲडव्हेंटचा असतो. नाताळच्या आधीचे चार रविवार मोजायचे, दर रविवारी एक जास्त मेणबत्ती लावायची. या मेणबत्त्यांच्या चक्राची सुरुवात हांबुर्गच्या योहान हिनरिश विशर्न यांनी 1839 मध्ये केली. अनाथाश्रमातली मुलं "नाताळ कधी?" असं रोज विचारायची, म्हणून त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवून दिल्या. बाजार नोव्हेंबरच्या शेवटी उघडतात आणि बहुतेक 23 किंवा 24 डिसेंबरला आवरतात. ड्रेस्डेनचा बाजार 1434 पासूनचा. आखेनचा भरतो तो नगरभवन आणि कॅथेड्रलच्या आजूबाजूला, आणि हे कॅथेड्रल म्हणजे युनेस्कोच्या 1978 च्या पहिल्याच यादीतली वास्तू. तिथली मसालेदार, कडक 'प्रिंटन' बिस्किटं घ्या. बटाट्याचा कीस तळून केलेली, सफरचंदाच्या गरासोबत मिळणारी 'राइबेकूखन' घ्या. शाकाहारी असाल तर अंड्याचं आधी विचारा, बहुधा असतं. जायचंच तर सोमवार ते गुरुवार जा. शनिवारी पाय ठेवायला जागा नसते.

पेयाच्या कपासाठी जास्तीचे काही युरो घेतात, तेव्हा फसवणूक झाली असं समजू नका. ती अनामत असते, कप परत केला की मिळते. त्या कपातल्या 'ग्लूवाइन'बद्दल मात्र नीट ऐका. ती मसाले घालून गरम केलेली वाइन. "दारूनं थंडी पळते" हे आपल्याकडे मोठ्या माणसांच्याही तोंडी असतं. होतं उलटंच. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं, म्हणून अंगात ऊब आल्यासारखं वाटतं. पण तीच ऊब बाहेर निघून जाते आणि शरीराचं आतलं तापमान उतरतं. वर थंडी जाणवेनाशी होते, म्हणून माणूस जॅकेट उघडं टाकतो. पिऊन बाहेर बाकावर झोपणं जिवावर बेतू शकतं. न पिणाऱ्यांसाठी 'किंडरपुन्श' असतो, फळांच्या रसाचा, तितकाच गरम. तो मागायला लाजू नका.

बर्फाचं स्वप्न हिंदी सिनेमानं दिलं. पण सिनेमातला बर्फ आल्प्सचा आहे. संपूर्ण जर्मनीत पांढरा नाताळ झाला त्याला बराच काळ लोटला, ते वर्ष होतं 2010. पश्चिमेकडच्या सखल शहरांत, आखेन, कोलोन, ड्युसेलडोर्फला, डिसेंबर म्हणजे करडं आभाळ, भुरभुर पाऊस आणि बहुधा शून्याच्या वरचंच तापमान. बर्फच पाहायचा असेल तर दक्षिणेला जा. म्यूनिखहून साध्या रीजनल गाडीनं गार्मिश-पार्टनकिर्शन गाठता येतं. जवळच 2,962 मीटर उंचीचं त्सुगश्पित्झं, देशातलं सर्वांत उंच शिखर.

थंडी सौम्य म्हणून ती सोपी, असंही नाही. ओली थंडी हाडात शिरते. आईवडील इथून जाडजूड जॅकेट आणि अर्धा डझन सुती बनियन देतात. घाम आला की सुती कपडा ओला होतो, ओलाच राहतो आणि अंग गार करतो. अंगालगत लोकरीचा किंवा थर्मलचा पातळ थर, त्यावर स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, अशी रचना ठेवा. आत शिरलं की हीटर असतो, तेव्हा एकेक थर काढता आला पाहिजे. पैसे खर्च करायचेच असतील तर पाणी न शिरणाऱ्या, न घसरणाऱ्या बुटांवर करा, आणि ते तिथंच घ्या.

"थंडी आहे, खिडक्या घट्ट लावून घे" हा फोनवरून दिला जाणारा सल्ला प्रेमाचा असतो, पण घात करतो. बंद खोलीत भात शिजतो, आंघोळीची वाफ येते, कपडे आतच वाळतात. ती सगळी वाफ गार भिंतीवर बसते आणि महिन्याभरात कोपरे काळे पडतात. ती बुरशी. दम्याच्या मुलांना तिचा त्रास होतो आणि घर सोडताना अनामत रकमेवरून वाद होतात. जर्मन माणूस ऐन हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडतो. याला 'श्टोसल्युफ्टन' म्हणतात. एवढ्या वेळात हवा बदलते, पण भिंती गार होत नाहीत. आपण फोडणी घालणारी माणसं, आपल्याला तर हे दुप्पट करायला हवं.

आता फिरण्याचं. मुलांचे पैसे आणि कधी कधी शिक्षणही इथंच धोक्यात येतं.

पहिलं म्हणजे सुट्टी महिनाभराची नसते. नाताळ-नववर्षाची मिळून साधारण दोन आठवडे. जानेवारीच्या सुरुवातीला तास पुन्हा सुरू होतात आणि परीक्षा त्यानंतर लगेच समोर येतात. इथून पालक महिनाभराचं परतीचं तिकीट काढून मोकळे होतात, तसं करू नये.

दुसरं, 'डॉइचलँड-तिकीट'. मे 2023 मध्ये ते 49 युरोंना सुरू झालं, 2025 मध्ये 58 आणि 2026 मध्ये 63 युरो झालं. बऱ्याच विद्यापीठांत ते सत्राच्या शुल्कातून सवलतीत मिळतं. त्यावर देशभर कुठंही जाता येतं हे खरं, पण रीजनल गाड्या, ट्राम, बस आणि मेट्रोनंच. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत ते सर्वसाधारणपणे चालत नाही. चुकून चढलात तर "माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही, दंड किमान 60 युरो.

तिसरं, व्हिसा. "जर्मन व्हिसावर सगळं युरोप मोकळं" हे अर्धंच खरं. जर्मनीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा रेसिडेन्स परमिट असेल, तर शेंगेन गटातल्या इतर देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरता येतं. क्रोएशिया 2023 पासून त्या गटात आहे, रुमेनिया आणि बल्गेरिया 2025 पासून पूर्णपणे आले. लंडन आणि डब्लिन त्यात नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपीय संघात नाही, म्हणून तिथं फोनचं इंटरनेट चालू ठेवलं तर बिल डोळे पांढरे करतं. आखेनहून बसनं नेदरलँड्समध्ये जायचं असलं तरी मूळ पासपोर्ट आणि परमिट जवळ ठेवा. सीमेवर तपासणी होऊ शकते आणि मोबाइलमधला फोटो म्हणजे पासपोर्ट नव्हे.

चौथी गोष्ट मी वर्गात फळ्यावर लिहून देते. जाताना मिळालेला व्हिसा अनेकदा काही महिन्यांपुरताच असतो आणि तो नेमका याच हिवाळ्यात संपतो. परमिटची अपॉइंटमेंट लांबली की परदेशी नागरिक कार्यालय मधल्या काळासाठी 'फिक्त्सियोन्सबेशाइनिगुंग' नावाचा कागद देतं. हा कागद हातात आहे म्हणजे भारतात जाऊन परत येता येईल, असं मुलं धरून चालतात. तो कागद एकाच प्रकारचा नसतो. रहिवास कायद्याच्या 81 व्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाखाली दिलेला असेल तरच बाहेर जाऊन परतता येतं. विमानाचं तिकीट काढण्याआधी त्यावरची खूण कोणत्या चौकटीत आहे ते पाहा, कार्यालयाकडून लेखी खात्री करून घ्या, आणि शक्यतो थेट जर्मनीत उतरणारं विमान निवडा.

31 डिसेंबरच्या रात्री मात्र तो शांत देश अचानक दणाणतो. एरवी ज्या फटाक्यांना परवानगी नसते, ते या रात्री सगळे उडवतात. दुकानांत ते वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवसांतच मिळतात. रुग्णालयं, वृद्धाश्रम, चर्च आणि जुन्या लाकडी चौकटींच्या घरांजवळ बंदी असते. आपल्याला दिवाळीची सवय आहे म्हणून आपण सुरक्षित, असं मानू नका. तिथं गर्दीतले बरेच जण प्यालेले असतात. लांबून पाहा.

शेवटचा गैरसमज मला सर्वांत जास्त लागतो. "बाकी सगळे मजेत आहेत, मलाच रडू येतंय, म्हणजे मीच कमकुवत." डिसेंबरात आखेनला सकाळी साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी साडेचारला सूर्य मावळतो. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही 11 तासांचा असतो, तिथं तो जेमतेम 8 तासांचा, आणि तोही ढगांखालचा. झोप बिघडते, मन जड होतं. यात मुलाचा काहीही दोष नाही. दुपारी, उजेड असताना अर्धा तास तरी बाहेर चाला. ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हात अंगात पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून तपासणी करा. आणि मन फारच खचलं तर 'टेलिफोनझेलझोर्गं' ही मोफत फोनसेवा चोवीस तास सुरू असते, नाताळच्या रात्रीही.

"आम्ही ख्रिस्ती नाही, आम्हाला कोण बोलावणार?" असंही मुलं म्हणतात. 24 च्या संध्याकाळची चर्चमधली प्रार्थना सगळ्यांना खुली असते, मागच्या बाकावर बसून नुसतं गाणं ऐकलं तरी कुणी काही विचारत नाही. विद्यापीठांजवळची ख्रिस्ती विद्यार्थी मंडळं मागे राहिलेल्या परदेशी मुलांसाठी अनेकदा एकत्र जेवण ठेवतात, पण नाव आधी द्यावं लागतं. जर्मन मित्राशी आधी बोललात तर तो घरी नेतो, ऐन वेळी कुणी कुणाकडे जात नाही. म्हणून 15 डिसेंबरच्या आत मजल्यावरच्या प्रत्येकाला विचारा की सुट्टीत कोण इथं राहणार आहे. एक कोलंबियाचा, एक इराणची, एक नाशिकचा, अशी चार माणसं मिळाली की खिचडी होते.

आणि पालकांनो, 24 ला तिकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. त्या रात्री थोडं जागं राहा आणि फोन तुम्हीच करा.