फुफ्फुसाचा कॅन्सर: ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणण्याआधी

कोल्हापुरात कुणाला कॅन्सर झाल्याचं कळलं, की भेटायला येणारा प्रत्येकजण प्रतिकारशक्ती वाढवायचा उपाय सांगून जातो. फुफ्फुसाच्या गाठीत मात्र शक्ती किती, यापेक्षा तिथे कोणत्या पेशी जमल्यात आणि त्या काय करताहेत, हे महत्त्वाचं असतं.

गैरसमज १ : प्रतिकारशक्ती कमी पडली, गुळवेलीच्या काढ्यानं भरून निघेल.
वस्तुस्थिती : अनेकांच्या गाठीत लढाऊ टी-पेशी आधीच पोहोचलेल्या असतात. त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. कॅन्सरची पेशी आपल्या पीडी-एल१ प्रथिनानं ते दाबून धरते आणि टी-पेशी गप्प बसते. पीडी-१च्या शोधासाठी शास्त्रज्ञ तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. काढ्यानं ही अडवणूक सुटल्याचा पुरावा नाही. उलट २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली.

गैरसमज २ : पांढऱ्या पेशी नॉर्मल, म्हणजे फुफ्फुसही ठीक.
वस्तुस्थिती : रक्तातल्या आकड्यावरून गाठीतलं चित्र कळत नाही. त्यासाठी तुकडाच तपासावा लागतो. या तपासणीच्या, म्हणजे बायोप्सीच्या, सुईनं कॅन्सर पसरेल अशी भीती वाटते, पण तसं होणं अत्यंत दुर्मीळ आहे. तपासणी टाळल्यामुळे काहीजण गाठीला टीबी समजून महिनोन्‌महिने टीबीच्याच गोळ्या घेत राहतात.

गैरसमज ३ : गाठीत शिरलेली प्रत्येक प्रतिकारपेशी कॅन्सरशी लढते.
वस्तुस्थिती : काही टी-पेशी इतरांना आवरतात, तर काही भक्षकपेशी गाठीलाच रक्तपुरवठा मिळवून देतात. उद्यमनगर-शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डिंग-फेटलिंग करणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवावंच. वाळूतली सिलिकाची बारीक धूळ भक्षकपेशी गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या मरतात आणि दाह धुमसत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९७मध्ये ही धूळ कॅन्सरकारक ठरवली. जोडीला बिडी असेल, तर धोका आणखी वाढतो.

गैरसमज ४ : इम्युनोथेरपी सगळ्यांना लागू पडते आणि तिचा त्रास नसतो.
वस्तुस्थिती : ही औषधं पीडी-१ची अडवणूक सोडवून टी-पेशी मोकळ्या करतात. पण ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या गाठीवर इम्युनोथेरपी सहसा कमी चालते, तिथे त्या बदलावर नेम धरणाऱ्या गोळ्या सरस ठरतात. म्हणून आधी जनुकाची आणि पीडी-एल१ची तपासणी होते. खर्चाचा प्रश्नही मोठा आहे, म्हणून कमी मात्रा देऊन पाहिली जाते. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये केमोच्या गोळ्यांना निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाच्या अवघ्या २० मिलिग्रॅमची जोड दिली, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. मात्र तो निष्कर्ष फुफ्फुसाला जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी निरोगी फुफ्फुसावरही उलटू शकतात. उपचार चालू असताना नवा खोकला किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.