स्वप्नातून आलेला इशारा

एप्रिल १९७५. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सकाळच्या वेळी अ‍ॅलन वर्स्ली झोपलेले होते. डोक्याला लावलेल्या तारांमधून मेंदूच्या लहरी कागदावर उतरत होत्या आणि त्यावरून त्यांना स्वप्न पडत असल्याचं दिसत होतं. तेवढ्यात डोळ्यांच्या हालचाली टिपणारी रेषा डावीकडे-उजवीकडे अशी ठरावीक लयीत हलू लागली. संशोधक कीथ हर्न यांच्याशी आधीच ठरलेली ही खूण होती : मी स्वप्नात आहे आणि हे मला कळतं आहे.

खूण डोळ्यांनीच करण्याला कारण होतं. स्वप्नं प्रामुख्याने ज्या ‘रेम’ झोपेत पडतात, तिच्यात हातापायांचे स्नायू जवळजवळ लुळे पडलेले असतात. डोळे मात्र फिरत राहतात. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी स्वप्नातून अशी खूण करता येते, हे स्वतंत्रपणे सिद्ध करून १९८१ मध्ये प्रसिद्ध केलं. स्वप्नात दहा सेकंद मोजायला किती वेळ लागतो, हेही त्यांनी तपासलं. साधारण तेवढाच लागतो!

अशा सजग स्वप्नांना ‘ल्युसिड ड्रीम’ म्हणतात. २०२१ मध्ये अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांनी याहून धाडसी पाऊल टाकलं. झोपलेल्या माणसाला त्यांनी प्रश्न विचारले. ‘आठातून सहा गेले, उरले किती?’ असं विचारल्यावर एका तरुणाने स्वप्नातूनच डोळे दोनदा हलवून उत्तर दिलं. अचूक उत्तरं एकूण प्रयत्नांच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आली. तरीही झोपलेला माणूस प्रश्न ऐकतो, विचार करतो आणि उत्तर देतो, ही गोष्ट थक्क करणारीच आहे.

असं सजग स्वप्न पाहायला शिकता येतं का? येतं; पण सुरुवात करावी लागते ती स्वप्न लक्षात ठेवण्यापासून. ‘मला स्वप्नंच पडत नाहीत’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांना ती पडतात, फक्त आठवत नाहीत. रेम झोपेत मेंदूतलं नॉरअ‍ॅड्रेनलिन अगदी कमी झालेलं असतं. आठवण पक्की न होण्यामागचं ते एक कारण मानलं जातं. त्यात गजर वाजताच ताडकन उठून मोबाइल हातात घेतला, की उरलंसुरलंही पुसलं जातं. म्हणून जाग आल्यावर कूस न बदलता, डोळे मिटूनच पडून राहावं. शेवटचं दृश्य किंवा नुसती मनातली भावना पकडावी आणि तिथून मागे मागे जावं. मग उशाशी ठेवलेल्या वहीत लिहून काढावं, अगदी एखादा शब्द आठवला तरी. फ्रान्सच्या एर्वे द सँ-दनी यांनी तेराव्या वर्षापासून अशा नोंदी ठेवल्या आणि १८६७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

वही भरत गेली, की तीच ती माणसं, तीच चुकलेली गाडी, तीच परीक्षा पुन्हा पुन्हा भेटू लागते. हीच स्वप्न ओळखण्याची खूण. लाबर्ज यांच्या पद्धतीत तिचा उपयोग होतो : साधारण पाच तासांच्या झोपेनंतर थोडा वेळ उठायचं, नुकतंच पडलेलं स्वप्न आठवायचं, त्यात अशी खूण दिसताच आपल्याला भान आलं आहे अशी कल्पना करायची आणि ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा हे स्वप्न आहे, हे मला आठवेल’ असं मनाशी घोकत झोपायचं. आपल्याकडे ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ म्हणतात. इथे ते ठरवून मनी वसवायचं असतं.

ऑस्ट्रेलियातल्या डेनहोम अ‍ॅस्पी यांच्या २०१७ च्या अभ्यासात ही पद्धत आणि दिवसा अधूनमधून ‘मी आता स्वप्नात तर नाही ना?’ हे तपासण्याची सवय यांची जोड दिली, तेव्हा सुमारे १७ टक्के रात्री यश आलं. घोकून झाल्यावर पाच मिनिटांत ज्यांना झोप लागली, त्यांचं यश जवळपास ४६ टक्के होतं. पहिल्या आठवड्यात काही घडलं नाही, म्हणून वही बंद करू नये.

मात्र रोज झोप मोडून स्वप्नांच्या मागे लागणं चूक आहे. पहाटेचा गजर रोज लावू नका, सुट्टीच्या दिवशी लावला तरी पुरे. निद्रानाशाचा किंवा भास होण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. वही मात्र कोणालाही आज रात्रीपासून उशाशी ठेवता येईल.